कोणाचा रे तू? इंग्रजी शब्दांना अक्षरांवरून ओळखण्याची रीत

कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर रविवारी सकाळी मी इंग्रजी शब्दांचा वर्ग घेते. येणारे बहुतेक सगळे मराठी शाळेत शिकलेले. कुणी तुर्भ्याच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो, कुणी वाशीच्या बाजारात गाळ्यावर हिशेब लिहितो. काही माथाडी घरांतल्या सुना आहेत, त्यांना मुलांच्या शाळेच्या डायरीतला मजकूर स्वतः वाचायचा आहे. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाच्या पिशवीत एक वही असते आणि तिच्यात एबीसीडीच्या क्रमानं उतरवलेले शब्द असतात, रोजचे दहा. बहुतेक वह्या सी किंवा डीपर्यंत येऊन थांबलेल्या असतात.

त्या आळसानं थांबत नाहीत. क्रमानं लावलेले शब्द एकमेकांचे कुणीच लागत नाहीत, म्हणून एकाच्या आधारानं दुसरा आठवत नाही. गावाकडे वेशीत नवं पोरगं दिसलं की पारावरची म्हातारी माणसं विचारतात, "कोणाचा रे तू?" बापाचं नाव आणि आळी कळली की ते पोरगं कायमचं ध्यानात राहतं. इंग्रजी शब्दालाही हाच प्रश्न विचारायचा. अनेक शब्दांच्या पोटात तीन-चार अक्षरांचा एक गट असतो, तोच गट त्याच्या भाऊबंदांतही सापडतो आणि त्या गटाला स्वतःचा अर्थ असतो. तो अर्थ एकदा कळला की दहा-पंधरा शब्द एकदम हाताशी येतात.

ए ते झेड वाचता येत असेल आणि मोबाइलवर शब्दकोश उघडता येत असेल तर सुरुवातीला एवढं पुरे.

पायरी १: वही नव्यानं लावा

दोनशे पानी लाँगबुक घ्या. एका पानावर एकच अक्षरगट. वर मध्ये मोठ्या अक्षरांत तो गट लिहा, त्याखाली मराठीत त्याचा मूळ अर्थ, आणि बाकी पान कोरं ठेवा. ते एका दिवसात भरायचं नाही. शब्द दिसेल तेव्हा तिथं येऊन बसेल. शब्दासमोर तो कुठं दिसला तेही लिहा: स्टेशनची पाटी, पगाराची स्लिप, औषधाची चिठ्ठी. माझा अनुभव असा की, जिथं शब्द भेटला ती जागा आठवली की शब्दही आठवतो.

पहिल्या महिन्यात चारपेक्षा जास्त पानं उघडू नका. पानं वाढवण्याचा मोह फार होतो, पण भरलेली चार पानं अर्धवट चाळीस पानांपेक्षा कितीतरी उपयोगाची.

पायरी २: पहिलं पान पोर्टचं

पी, ओ, आर, टी. नवी मुंबईत राहणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी, कारण न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू पोर्ट १९८९ पासून आपल्या उशाशी आहे आणि रस्त्यावरच्या निम्म्या ट्रेलरवर या घराण्यातला एखादा शब्द रंगवलेला असतो.

इंग्रजीतले असे बरेच शब्द लॅटिन या रोमन लोकांच्या जुन्या भाषेतून आले आहेत. तिच्यात 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे. आता शब्द उघडून बघा. इम्पोर्ट: 'इम' म्हणजे आत, माल आत वाहून आणणे, आयात. एक्सपोर्ट: 'एक्स' म्हणजे बाहेर, निर्यात. ट्रान्सपोर्ट: 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, या जागेहून त्या जागी नेणे. पोर्टर म्हणजे हमाल. पोर्टेबल म्हणजे उचलून नेता येईल असं. डीपोर्ट: 'डी' म्हणजे दूर, माणसाला देशाबाहेर काढणे.

इथवर सगळं सरळ आहे. पुढचे दोन मात्र सावकाश बघा, कारण ते रोज वापरूनही आपण त्यांना या घराचे समजत नाही. रिपोर्ट: 'री' म्हणजे परत. जे पाहिलं ते परत येऊन सांगायचं, बातमी वाहून आणायची. सपोर्ट: 'सब' म्हणजे खालून. खालून उचलून धरणं, म्हणजे आधार. मांडवाच्या खांबाकडे बघा, तो नेमकं हेच करतो. इम्पॉर्टंटसुद्धा याच घरातला. आत घेऊन येणारा, म्हणजे ज्याच्या पोटात काही परिणाम दडलेला आहे असा, म्हणून महत्त्वाचा.

लॅटिनमध्ये 'पोर्तुस' असा जवळचाच दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ बंदर. दोघांचं मूळ एकच मानतात, म्हणून मी दोन्ही एकाच पानावर ठेवते, मध्ये फक्त एक रेघ मारते. एअरपोर्ट म्हणजे हवेचं बंदर. पासपोर्ट म्हणजे बंदरातून पार होण्याचा परवाना. आणि ऑपॉर्च्युनिटी, जिची आपण सगळे वाट बघत असतो, तीही बंदरावरचीच. लॅटिनमध्ये शिडाच्या जहाजाला बंदराच्या दिशेनं ढकलणाऱ्या वाऱ्यासाठी जो शब्द होता, त्याच्यापासून ती आली. करंजा किंवा दिवाळे गावातल्या कोळी माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वारा घराकडे वळला की शीड चढवायचं, हे तो लहानपणापासून जाणतो.

पायरी ३: पुढचा तुकडा बदलून बघा

आपण शाळेत उपसर्ग शिकलो: आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार. 'हार' तोच, पुढचा तुकडा बदलला की जेवणाचं मारणं होतं. इंग्रजीतही व्यवस्था हीच आहे, म्हणून मराठी माणसाला हे शिकणं खरं तर सोपं जायला हवं. वहीच्या पहिल्या पानाच्या आत हे तुकडे लिहून ठेवा: इन म्हणजे आत, एक्स बाहेर, री परत, सब खाली, ट्रान्स पलीकडे, डी खाली किंवा दूर, प्रो पुढे, कॉन सोबत. सध्या एवढे पुरेत.

एक अडचण सगळ्यांना येते. इम्पोर्टमध्ये 'इन' कुठं आहे? तिथं तर आय-एम आहे. याचं उत्तर आपल्याच तोंडात आहे. 'आंबा' आणि 'अंत' म्हणून बघा. टिंब एकच, पण आंब्यात ब येणार म्हणून ओठ आधीच मिटतात आणि म ऐकू येतो, अंतमध्ये न ऐकू येतो. पी, बी, एमच्या आधी इंग्रजीतला 'इन' असाच 'इम' होतो: इम्पोर्ट, इम्पॉसिबल. (इम्पॉसिबलमधला 'इन' मात्र आतचा नाही, नकाराचा आहे.) 'सब'चंही तसंच, पोर्टच्या आधी तो 'सप' होतो. ही व्याकरणातली संधी आहे. संस्कृतची पोरांना वाटते तशी भीती वाटू देऊ नका, ओठांची सोय एवढाच तिचा अर्थ.

आता दुसऱ्या गटांना हेच तुकडे लावा.

टी-आर-ए-सी-टी, ट्रॅक्ट, म्हणजे ओढणे. ट्रॅक्टर ओढतो. अट्रॅक्ट म्हणजे स्वतःकडे ओढणे. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे बाहेर ओढून काढणे, दंतवैद्याच्या कागदावर दाढ काढण्यासाठी हाच शब्द असतो. सबट्रॅक्ट म्हणजे खालून ओढून घेणे, वजाबाकी. डिस्ट्रॅक्ट म्हणजे लक्ष भलतीकडे ओढलं जाणं. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे दोघांना एकत्र ओढून बांधणारा करार. आणि ट्रेन! अक्षरं झिजली आहेत, पण फ्रेंचच्या वाटेनं तीही याच लॅटिन धातूपर्यंत पोचते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा तीन इंजिनं मिळून १४ डबे ओढत होती. ओढली जाणारी माळ, हाच त्या शब्दाचा अर्थ.

डी-यू-सी-टी किंवा डी-यू-सी-ई म्हणजे नेणे, वाट दाखवून घेऊन जाणे. एनएमएमटीच्या बसमधला कंडक्टर आपल्याला सोबत घेऊन जातो. इंट्रोड्यूस म्हणजे ओळख करून देऊन आत नेणे. रिड्यूस म्हणजे मागे नेणे, कमी करणे. पगाराच्या स्लिपवरचं डिडक्शन म्हणजे बाजूला काढून नेलेली रक्कम. वर्गात हा शब्द आला की सगळे आपापली स्लिप काढतात आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कुठल्या रकान्यात आहे ते पहिल्यांदा नीट वाचतात. असा शब्द पुन्हा विसरत नाही.

एस-पी-ई-सी-टी म्हणजे बघणे. इन्स्पेक्टर आत बघतो. सस्पेक्ट म्हणजे खालून बघणे, मान खाली ठेवून डोळे वर करून बघतो ना आपण संशयानं, तसं. रिस्पेक्ट म्हणजे मागे वळून पुन्हा बघणे, म्हणजे आदर. एक्सपेक्टमध्ये मात्र एस दिसणार नाही, तो एक्सनं गिळला आहे. अर्थ तोच, दाराबाहेर नजर लावून बसणे, म्हणजे अपेक्षा.

एम-आय-टी आणि एम-आय-एस-एस म्हणजे पाठवणे किंवा सोडणे. सबमिट, परमिट, ॲडमिट, ट्रान्समिट, परमिशन, डिस्मिस. हे पान तुम्ही स्वतः सोडवा. दवाखान्यातला ॲडमिट आणि परीक्षेच्या ॲडमिट कार्डावरचा ॲडमिट एकच आहे का, एवढं फक्त विचारून ठेवते.

पायरी ४: शेपटीकडे बघा, विशेषतः सही करण्याआधी

हे मी कळकळीनं सांगते, कारण या चुकीचा फटका मला बसला आहे. १९९० च्या दशकात सानपाड्याच्या एका लहान कार्यालयात मी निर्यातीची कागदपत्रं टाइप करायला लागले. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या पावतीच्या, मसुद्यात कन्साइनर आणि कन्साइनी यांची नावं मी उलटी टाकली. दोन्ही शब्द सारखे दिसतात, फक्त शेवट वेगळा. चूक जहाज सुटण्याआधी लक्षात आली, पण सगळे कागद पुन्हा करावे लागले आणि त्या दिवशी मला साहेबांसमोर उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. चूक माझी होती. फरक मला कुणी सांगितला नव्हता, हेही तितकंच खरं.

फरक असा. शेवटी ई-आर किंवा ओ-आर असेल तर तो करणारा. शेवटी दोन ई असतील तर ज्याच्या बाबतीत किंवा ज्याच्यासाठी ते केलं जातं तो. माल पाठवणारा कन्साइनर, ज्याच्या नावे पाठवला तो कन्साइनी. कामावर ठेवणारा एम्प्लॉयर, ठेवला गेलेला एम्प्लॉयी. शिकवणारा ट्रेनर, शिकणारा ट्रेनी. चेकवर ज्याचं नाव तो पेयी. बँकेच्या फॉर्मवर ज्याचं नाव तुम्ही सुचवता तो नॉमिनी. ही दोन ई फ्रेंचमधून आली आहेत. इंग्लंडच्या न्यायालयात पूर्वी फ्रेंच चालायची, म्हणून कायद्याच्या कागदांत ती सगळ्यात जास्त दिसतात.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत भाड्यानं खोली घ्यायला आलात की पहिला इंग्रजी कागद हातात येतो तो लिव्ह अँड लायसन्सचा. त्यात 'लायसेन्सर' म्हणजे घरमालक, परवानगी देणारा. 'लायसेन्सी' म्हणजे तुम्ही. एखादं कलम वाचताना आधी शेपूट बघा आणि मगच दुरुस्तीचा खर्च कुणावर आहे ते ठरवा.

घराच्या कर्जात मात्र बहुतेकांची फसगत होते. मॉर्गेजी म्हणजे कर्ज घेणारा, असं वाटतं ना? मॉर्गेजी म्हणजे बँक. घर गहाण टाकण्याचं काम तुम्ही करता, म्हणून तुम्ही मॉर्गेजर, आणि ते गहाण जिच्याकडे पडतं ती बँक मॉर्गेजी. नियम मोडलेला नाही, क्रिया कोण करतो ते नीट बघायला हवं होतं इतकंच. या शब्दात एम-ओ-आर नंतर एक न बोलणारा टी आहे. एम-ओ-आर-टी म्हणजे मरण. मॉर्टल, मॉर्च्युरी, पोस्टमॉर्टेम ही सगळी त्याचीच मंडळी आणि आपले 'मृत', 'मृत्यू' हे त्याचे लांबचे चुलते. मॉर्गेज म्हणजे शब्दशः मेलेलं तारण.

दोन ई दिसले की डोळे झाकून नियम लावू नका. कॉफी आणि टॉफी या घरातल्या नाहीत. अटेंडी म्हणजे जो हजर राहतो तो, म्हणजे करणाराच. असे अपवाद थोडे आहेत, पानाच्या तळाशी लिहून ठेवा.

पायरी ५: न बोलणारी अक्षरं

वर्गातला सगळ्यात जास्त राग या अक्षरांवर असतो. के-एन-ओ-डब्ल्यू म्हणायचं 'नो', मग के कशाला? के-एन-ई-ई म्हणायचं 'नी', के-एन-आय-एफ-ई म्हणायचं 'नाइफ'. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो आणि इथं मी वर्गाची वेळ नेहमी ओलांडते.

हा के पूर्वी बोलला जायचा. सतराव्या शतकाच्या आसपास इंग्लंडमधल्या लोकांनी तो म्हणायचा सोडला, पण तोवर छापखान्यांनी स्पेलिंग पक्की केली होती. जर्मन माणूस गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो, के स्पष्ट ऐकू येतो.

आता वहीत के-एन लिहा, शेजारी जी-एन लिहा आणि त्यांच्यासमोर आपला 'ज्ञ' लिहा. नो म्हणजे जाणणे. डायग्नोसिसमध्ये जी-एन आहे, रोगाची जाण. रेकग्नाइझमध्ये जी-एन आहे, पुन्हा जाणणे, ओळखणे. इग्नोरंटमध्ये जी-एन आहे, न जाणणारा. आणि आपल्याकडे ज्ञान, विज्ञान, अज्ञ. इंग्रजी, लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत या एकाच मूळ कुळातल्या भाषा आहेत. त्या जुन्या भाषेतल्या एकाच धातूचं लॅटिन-ग्रीकमध्ये जी-एन झालं, इंग्रजीत के-एन आणि संस्कृतात 'ज्ञा'. अग्नॉस्टिक हा शब्द तर अक्षरशः 'अ' अधिक 'ज्ञ' आहे, कारण ग्रीकमध्येही नकाराचा 'अ' तोच. गुडघ्याचं बघा: नी आणि संस्कृत 'जानु'. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. तिथंही के आणि ज समोरासमोर उभे आहेत. हे फळ्यावर लिहिलं की वर्ग शांत होतो. जी भाषा परकी म्हणून इतकी वर्षं भीती घालत होती, तिच्या घरात आपलंच एक अक्षर बसलेलं सापडतं.

तसंच जी-एच. एट, नाइट, डॉटर या तिन्हींत जी-एच आहे आणि तिन्हींत ते गप्प आहे. पूर्वी तिथं घशातला ख सारखा आवाज होता. एट हा आपला 'अष्ट', नाइट हा संस्कृतातला 'नक्त', म्हणजे रात्र, आणि डॉटर ही 'दुहिता'. दुहितेतला ह आणि डॉटरमधला जी-एच यांची जागा तपासून बघा. स्पेलिंग कधीच चुकणार नाही.

सगळ्या के-एनना ज्ञ सापडत नाही. नाइफ आणि नॉक या शब्दांना संस्कृतात भाऊ शोधत बसू नका, त्यांचा के नुसता लक्षात ठेवायचा.

गप्प अक्षर पक्कं करायची एक युक्ती फार उपयोगी आहे: शब्द लांबवा. एस-आय-जी-एन, साइन, यात जी गप्प आहे. सिग्नेचर म्हणा, सिग्नल म्हणा, जी बोलू लागतो. रिझाइनमध्ये गप्प, रेझिग्नेशनमध्ये बोलतो. डिझाइनमध्ये गप्प, डेझिग्नेशनमध्ये बोलतो. बॉम्बच्या शेवटचा बी गप्प, बम्बार्डमध्ये बोलतो. ऑटमचा शेवटचा एन गप्प, ऑटम्नलमध्ये बोलतो. कन्साइनीमध्येही साइनच बसलेली आहे, माल शिक्का मारून हवाली करणे हा तिथला मूळ अर्थ. त्या वेळी मला एवढं जरी माहीत असतं तरी तो कागद मी सावकाश वाचला असता.

पायरी ६: खोटी सोयरीक तपासा

अक्षरं सारखी म्हणून नातं असतंच असं नाही. आडनाव पाटील असलेले सगळे एकमेकांचे भाऊबंद नसतात.

स्वतःच्या शहराचं नाव घ्या. स्टेशनच्या पाटीवर टी-एच-ए-एन-ई असं लिहिलेलं आहे. हीच पाच अक्षरं इंग्रजी शब्दकोशात सापडतात, उच्चार 'थेन', आणि अर्थ राजाकडून जमीन मिळालेला जुन्या काळातला सरदार. आपल्या ठाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

मिस्टेकला एम-आय-एस-एसच्या पानावर बसवू नका. तिथला 'मिस' उत्तरेकडच्या जर्मॅनिक भाषांतला आहे, त्याचा अर्थ चुकीचं. मिशनमधला 'मिस' पाठवण्याचा. पोर्शन म्हणजे वाटा, तोही पोर्टच्या घरातला नाही.

सी-आय-डी-ई मध्ये जास्त सांभाळावं लागतं. पेस्टिसाइड, इन्सेक्टिसाइड यांतला 'साइड' म्हणजे कापणे, मारणे. डिसाइड त्यांच्याच घरातला आहे, कापून टाकणे. एक घाव दोन तुकडे केले की निर्णय होतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण ॲक्सिडेंट आणि इन्सिडेंट यांतला सी-आय-डी वेगळा. तो लॅटिनमधल्या पडण्याच्या धातूतून आला. अंगावर येऊन पडलं ते ॲक्सिडेंट. आणि कोइन्साइडच्या शेवटी तर पूर्ण सी-आय-डी-ई आहे, तरी तो कापण्याचा नाही, पडण्याचा आहे. दोन गोष्टी एकाच वेळी येऊन पडल्या, म्हणजे जुळून आल्या.

सगळ्यात सुंदर फसवणूक पोर्ट्रेटची. सुरुवातीला पी-ओ-आर-टी ठळक दिसतं, म्हणून प्रत्येक जण त्याला पहिल्या पानावर लिहितो. हा शब्द खरा ट्रॅक्टच्या घरातला आहे. त्याचं मूळ 'पुढे ओढून काढणे' असं आहे, फ्रेंचमधून येताना अक्षरांची उलटापालट झाली. ओढण्याचा आणि चित्राचा संबंध काय, असं विचारतात. आपण रेघ 'ओढतो' आणि चित्र 'काढतो'. इंग्रजीतही ड्रॉ म्हणजे ओढणे आणि ड्रॉ म्हणजे चित्र काढणे.

तपासायचं कसं? शब्दकोशात नुसता अर्थ वाचून बंद करू नका, खाली शब्दाचा इतिहास दिलेला असतो तिथपर्यंत जा. मोबाइलवर मेरियम-वेबस्टरमध्ये तो भाग फुकट मिळतो. आधी अंदाज करा, पेन्सिलीनं पानावर लिहा, मग तपासा, बरोबर निघाला तर पेनानं गिरवा. छापील कोश मांडीवर घेऊन बसायची इच्छा असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. एखादी दुपार तिथं काढून बघा. कागदावर एक शब्द शोधताना शेजारचे सहा दिसतात, फोनवर ते होत नाही.

पायरी ७: नुसत्या आवाजाचे गट

हे थोडक्यात. काही गटांमागे धातू शोधायची गरज नाही, अर्थ आवाजातच मुरलेला असतो. एस-एननं सुरू होणारे बरेच शब्द नाकाशी निगडित: स्नोअर घोरणे, स्निफ हुंगणे, स्नीझ शिंकणे, स्नाउट नाकाड. आपल्याकडे शिंक, शिंकरणे, शेंबूड यांत श जमा झाला आहे तसंच. जी-एलचे अनेक शब्द उजेडाचे: ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर. आपलं झगमग, झळाळी, झळकणे आठवा. ग्लॅड म्हणजे आनंदी, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चकाकणारा असाही होता. स्नेक, स्नो, ग्लू हे यांत बसत नाहीत. हे पान अंदाजासाठी ठेवा, त्यावर भिस्त ठेवू नका.

पायरी ८: गाडीतला अभ्यास

ठाण्याहून वाशीला जाणारी ट्रान्सहार्बर गाडी पकडा. तिच्या नावातच पायरी ३ मधला एक तुकडा आहे, खाडीच्या पलीकडे नेणारी. ऐरोली येईपर्यंत डब्यातल्या जाहिराती आणि सूचना वाचून एक शब्द निवडा. रबाळे-घणसोलीच्या दरम्यान त्याला तोडा: पुढचा तुकडा, मधला गट, शेपूट. कोपरखैरण्यापर्यंत त्याचे तीन भाऊ आठवा. तुर्भ्याला अंदाजानं अर्थ लिहा. वाशीला उतरल्यावर तपासा. एका फेरीत एकच शब्द, घाई करू नका. अर्थ चुकला तर चुकलेला अंदाजही वहीत राहू द्या, खोडू नका, कारण खरा अर्थ त्याच्या शेजारी असला की जास्त काळ टिकतो.

घरी मुलं असतील तर त्यांना सोबत घ्या. आमच्या वर्गातल्या एक ताई आपल्या सहावीतल्या मुलीशी रोज रात्री हा खेळ खेळतात. मुलगी शब्द आणते, आई त्याला विचारते, "कोणाचा रे तू?" मुलीची शाळा इंग्रजी माध्यमाची, आईची वही मराठीत, आणि ज्ञ आणि के-एनचं पान दोघींनी मिळून भरलं आहे.

पहिला शब्द मी देते म्हणजे उद्याच सुरुवात होईल. जे-ई-सी-टी, जेक्ट, म्हणजे फेकणे किंवा टाकणे. इंजेक्शन सगळ्यांना माहीत आहे, औषध आत टाकणे. आता याच पानावर रिजेक्ट, प्रोजेक्टर, इजेक्ट आणि ऑब्जेक्शन लिहा. इजेक्टमधला ई हा एक्सच आहे, त्याचा एक्स गळला आहे. ऑब्जेक्शनमधला 'ऑब' म्हणजे समोर, वाटेत आडवं. बाकी तुम्ही सोडवा आणि पेन्सिलीनं लिहा.